गावी जाण्याआधीच्या गोळ्या : ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या बीपी प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आषाढीमुळे बैठकीला माणसं कमी, आणि आली ती साबुदाण्याची खिचडी खाऊन जडावलेली. तरी विषय मार्गी लागला. यंदा मंडळाच्या आरोग्य निधीतून बीपी हे एकच काम घ्यायचं. दरवर्षी आपण डोळे, दात, हाडं, रक्त असं सगळं एका दिवसात उरकणारं शिबिर घेतो. दुसऱ्या दिवशी बॅनर उतरतो आणि चष्म्याचा नंबर मिळालेल्यांपैकी चष्मा कोणी केला, हे विचारायला कोणी जात नाही.

बीपीच का, असं विचारलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेला अंदाज वाचून दाखवला. भारतात ३० ते ७९ या वयात बीपी असलेल्या दर १०० माणसांपैकी साधारण ३७ जणांनाच ते असल्याचं माहीत आहे, ३० जण औषध घेतात आणि १५ जणांचं आटोक्यात आहे. कोषाध्यक्ष लगेच म्हणाले, "म्हणजे तपासणी वाढवायची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कारखान्यात प्रेशर गेज कॅलिब्रेट करतो, त्यामुळे मशीन घेण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

१३ जुलै, रविवार

मंडळाच्या शेडमध्ये तपासणी. पहिल्या तासाभरात जो येईल त्याचं बीपी चढलेलं. "मशीन गंडलंय" अशी ओरड सुरू झाली. मशीन चांगलं होतं. माणसं वरच्या पाड्यावरून पायऱ्या उतरून यायची, बाकड्यावर टेकायची, आणि घाम पुसायच्या आत दंडाला पट्टा बांधला जायचा. काहींच्या शर्टाच्या बाहीवरूनच. शेजारी गप्पा चालू, हातात चहाचा कप.

मग बाकडी हटवून पाठ असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबायचं. लघवीला जाऊन यायचं. मोजताना बोलायचं नाही, ही अट बायकांना आणि पुढाऱ्यांना सारखीच जड गेली. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. जाड दंडासाठी मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यात आकडा उगाच फुगतो. कारखान्यात कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या थरथरत्या पाइपवर कोणी गेज तपासत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र तेच सर्रास चालतं, दवाखान्यातसुद्धा.

संध्याकाळी वही चाळली. १४०/९० च्या वर आलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त नावांपुढे मंडळाच्या पोरांनी शेरा लिहिला होता : ‘आधीपासून माहीत’, ‘गोळी होती, बंद केली’, ‘गोळी संपली’. कोषाध्यक्षांना वही दाखवली. ते म्हणाले, "मग यांना आपण काय नवीन सांगितलं?"

१६ जुलै, बुधवार

आशाताईंना, म्हणजे वस्तीच्या आशा सेविकेला, भेटलो. शहरी भागात एका आशेकडे हजार ते अडीच हजार वस्ती असावी असा नियम आहे. यांच्याकडे किती आहे ते त्यांनी हसून टाळलं. गरोदर बायका, लसीकरण, टीबीच्या रुग्णांचा पाठपुरावा, पावसाळ्यात डेंग्यूसाठी पाण्याची पिंपं तपासणं, आणि त्यात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-साखरेसारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजणारा. प्रत्येक कामाचा मोबदला वेगळा. सीबॅकचे फॉर्ममागे दहा रुपये.

आमची योजना ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, मशीन माझ्याकडे पण आहे. मोजायला माणूस नको मला. गोळी सोडलेली माणसं शोधून द्या. मी दुपारी जाते तेव्हा घराला कुलूप असतं. संध्याकाळी माझ्या घरी पण चूल असते."

आणखी एक गोष्ट त्यांनी जरा बिचकतच विचारली. फॉर्म तुमची पोरं भरणार का? मी नाही म्हटलं. ते दहा रुपये त्यांच्या हक्काचे आहेत. २०२४ च्या सुरुवातीला ज्या बायका आझाद मैदानावर मोबदल्यासाठी दिवसच्या दिवस बसल्या, त्यांच्या कामात फुकटची माणसं घुसवून सेवा केल्याचा आनंद मिळवायचा, हे मला पटत नाही. आम्ही फुकट काम करू शकतो, कारण आमचा पगार दुसरीकडून येतो.

२० जुलै, रविवार

काल नागरी आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमसोबत बसलो होतो. अशा एका केंद्राकडे साधारण पन्नास हजार लोकसंख्या असते. त्या मानाने त्यांनी आम्हाला बराच वेळ दिला. ठरलं ते असं. औषधाबद्दल आमच्यापैकी कोणी बोलणार नाही. ‘ही गोळी चांगली’, ‘ती अर्धी करा’ असलं काहीही नाही. १४०/९० किंवा वर आलं तर केंद्रात पाठवायचं, तिथे वेगळ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय बीपीचा शिक्का मारायचा नाही. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर आकड्याचीही वाट न पाहता १०८.

यादीचा प्रश्न नाजूक होता. केंद्राकडची बीपीच्या रुग्णांची यादी आमच्या हातात येणार नाही, हे मॅडमनी स्वच्छ सांगितलं आणि तेच बरोबर आहे. आशाताई घरी जाऊन विचारणार, ज्याची हरकत नसेल त्याचंच नाव त्या गल्लीत फिरणाऱ्या आमच्या माणसाला तोंडी सांगणार. व्हॉट्सअॅपवर नावं टाकायची नाहीत. एकाने विचारलं, बीपीच तर आहे, त्यात लपवायचं काय? गल्लीतल्याच एका काकूंनी उत्तर दिलं, "माझ्या मुलीचं बघायला सुरुवात केलीय. तिच्या बापाच्या बीपीची चर्चा ग्रुपवर नको."

२७ जुलै, रविवार

माणसं ठरली. दहीहंडीच्या पथकातली चार पोरं, महिला आरोग्य समितीच्या तीन बायका, निवृत्त झालेले दोन मशिनिस्ट आणि एक इस्त्रीवाला. इस्त्रीवाल्याला मी मुद्दाम घेतलं. कुठलं घर कधी उघडं असतं, कोण रात्रपाळीला आहे, कोणाच्या घरी हल्ली कपडे येत नाहीत म्हणजे माणसं गावी गेलीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. समितीच्या बायकांचं काम आधीपासून चालू आहेच. पन्नास-शंभर घरांमागे एक समिती, तिला वर्षाला पाच हजारांचा निधी. त्यातून मोठा पट्टा घ्यायची त्यांनी स्वतःहून तयारी दाखवली.

श्रावण लागला आहे. एक मशिनिस्ट म्हणाले, सोमवार-शनिवारचे उपास धरणारे त्या दिवशी गोळी घेत नाहीत, उपाशीपोटी गोळी नको म्हणून. महिन्यातले आठ दिवस असेच गेले. डॉक्टर मॅडमना विचारायच्या प्रश्नांत हा पहिला.

३ ऑगस्ट, रविवार

घरोघरी फिरण्याचा पहिला आठवडा. मॅडमचं उत्तर आलं आहे : त्यांच्याकडे बीपीला जी गोळी सुरुवातीला देतात ती, अॅम्लोडिपिन, जेवणाशी बांधलेली नाही, उपासाला पाण्यासोबत चालते. ज्यांची गोळी दुसरी असेल त्यांनी केंद्रात विचारावं. हे वाक्य त्यांच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि तेच ऐकवतो. आमच्या तोंडून आलं असतं तर ‘तू कधीपासून डॉक्टर’ हे ठरलेलं होतं.

गोळी का सोडली, याची कारणं लिहून ठेवतो आहे. मला वाटलं होतं अज्ञान, आळस असलं काही निघेल. निघालं ते जवळजवळ सगळं हिशेबाचं.

पॅकिंगला जाणारी बाई सांगते, सकाळच्या ओपीडीला आलं की अर्धा दिवस जातो आणि ठेकेदार पूर्ण खाडा धरतो. औषध फुकट, पण ते आणायचा खर्च एका दिवसाची मजुरी. एका घरात नवरा-बायको दोघांना बीपी, आणि दोघं मिळून एकच पाकीट खातात, कारण रांगेत एकालाच उभं राहता येतं. रिक्षावाले काका म्हणाले, त्यांच्या गोळीने लघवीला सारखं जावं लागतं आणि तीन हात नाक्यावर अडकल्यावर कुठे जाणार? म्हणून धंद्याच्या दिवशी गोळी बंद. हे डॉक्टरला सांगितलं का? "तेवढं बोलायला वेळ कुठे असतो तिथे." त्यांना मॅडमकडे नेलं, एवढंच सांगायला. गोळी बदलायची की वेळ, ते मॅडम ठरवतील. काकांचं म्हणणं त्यांच्या कानावर जाणं एवढंच आमचं काम होतं.

सर्वात जास्त वेळा ऐकलेलं कारण : "मोजलं तर नॉर्मल आलं, मग बंद केली." गोळीमुळे नॉर्मल आलं, हे सांगून कोणाला पटत नाही. काही दुखत नाही, खुपत नाही, आणि तरी रोज औषध खायचं. आपल्याकडे औषध म्हणजे दुखण्यावरचं. हाही हिशेबच आहे एका अर्थाने.

आणि मग गाव. "गावी गेलो होतो, तिकडे संपली, मग राहूनच गेली." हे इतक्या घरांत ऐकलं की पोरांच्या वहीत एक नवा रकाना आखला : गाव कुठलं, कधी जाणार.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. आशाताईंसोबत सीबॅकसाठी समितीच्या बायका फिरल्या. फॉर्म आशाताई भरतात, या दार उघडून घेतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, आईवडिलांचा आजार, असे गुण मांडायचे. चारच्या वर गेले की तपासणीला आधी घ्यायचं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की गुण सुरू. टेप बायकांनीच लावायची, आणि ती नाडीच्या जागेवर नाही, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. यावरून हसून हसून पुरेवाट झाली.

तंबाखूच्या प्रश्नाला म्हाताऱ्या बाया ठाम ‘नाही’ म्हणतात. समितीतल्या मावशी दारातूनच विचारतात, "आणि सकाळी दाताला काय लावता?" मशेरी! दिवसातून तीन वेळा. भाजलेली तंबाखूच ती, पण त्यांच्या लेखी ते मंजन. हा प्रश्न माझ्या किंवा त्या पोरांच्या डोक्यात आला नसता, आणि आला असता तरी विचारायची हिंमत झाली नसती.

१७ ऑगस्ट, रविवार

गावाचा रकाना भरून आला आहे. खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, कणकवली. यातले बहुतेक २३ पासून निघणार, कारण गणपती २७ ला. पाटण-जावळीकडचे गणपतीला जात नाहीत, ते जत्रेला जातात, त्यांच्या तारखा वेगळ्या. मराठवाड्यातले सोयाबीनच्या काढणीला जाऊन दिवाळी करूनच येतात. केंद्राच्या रजिस्टरमध्ये प्रत्येकाची पुढची तारीख ३० दिवसांनी पडते. गावाकडची तारीख त्या रजिस्टरला माहीत नाही.

मॅडमनी मान्य केलं आहे : कोकणात जाणाऱ्यांची गोळ्यांची तारीख पुढच्या आठवड्यात असली तरी आधी या, देऊ. मात्र माणूस स्वतः आला पाहिजे आणि बीपी मोजलं पाहिजे. १५ ची सुट्टी, काल दहीहंडी, आज रविवार. उद्यापासून शुक्रवारपर्यंत पाच दिवस हातात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायला तयार नाही. शाळांना सुट्टी, गाड्या कोलमडलेल्या, वरच्या पाड्याच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा. केंद्रात कोणी पोहोचलं नाही. पाचातले दोन दिवस गेले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तीन दिवस पोरांनी गोविंदाच्या सरावासारखी पाळी लावली. सकाळी सातला उठवायचं, गल्लीतल्या चार-पाच जणांना एकत्र केंद्रात न्यायचं, रांगेत एकाने नंबर धरायचा, मोजून गोळ्या घेऊन साडेनऊच्या आत मोकळं करायचं. त्यामुळे पॅकिंगच्या बायकांचा खाडा वाचला. एका सुपरवायझरला मशिनिस्ट काकांनी स्वतः फोन करून तासाभराची सूट मागितली. तो त्यांच्या हाताखाली शिकलेला निघाला.

प्रत्येकाला सांगितलं : बीपीचं कार्ड सोबत न्या. गोळ्या संपल्या तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे दाखवा. आणि गोळ्या एसटीच्या टपावर टाकायच्या बॅगेत नकोत, जवळच्या पिशवीत.

वरच्या पाड्यावरच्या दोन आजी उतरूच शकल्या नाहीत. गुडघे, आणि पायऱ्यांवर शेवाळ. शुक्रवारी दुपारी सिस्टर स्वतः वर चढून गेल्या. त्याबद्दल आभार मानले तर म्हणाल्या, "तुमच्या पोराने हात धरून चढवलं म्हणून आले."

काहींना नाही गाठता आलं. विशेषतः खाजगी डॉक्टरकडे जाणारे. त्यांची यादी कोणाकडेच नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपतीचं विसर्जन. संध्याकाळी मंडपात एक हमाल काका आले, डोकं फुटतंय म्हणाले, समोरचं अंधुक दिसतंय. पथकातल्या पोराने पाच मिनिटं बसवून मोजलं : १९४/११८. परत मोजलं, तेवढंच. जमलेल्यांपैकी एका जाणत्या गृहस्थांनी खिशातून गोळी काढली, जिभेखाली ठेवा म्हणाले, लगेच उतरतं. पोराने गोळी घेतली आणि टेबलावर ठेवली. "काका, एकदम उतरलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो असं मॅडमनी सांगितलंय. मी नाही देणार." एरवी हा मुलगा मोठ्यांपुढे तोंड उघडत नाही.

बाहेर रायलादेवी तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुका. १०८ ला फोन लागला, पण गाडी गल्लीपर्यंत येणं कठीण. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी साखळी धरून ढोल थांबवले आणि काकांना खुर्चीसकट मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. दाखल करून घेतलं आहे. त्यांच्या बायकोने सांगितलं, गोळ्या मेमध्ये गावी संपल्या होत्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

कोकणवाले परतू लागले. इस्त्रीवाला कोण कधी आलं ते सांगतो, पोरं त्याच दिवशी संध्याकाळी पाकीट बघून येतात. उरलेल्या गोळ्या मोजल्या की तोंडाने काही विचारावं लागत नाही. बहुतेकांची मोजणी जुळते आहे. एका काकूंच्या पाकिटात एकही गोळी कमी झालेली नव्हती. पिशवी जवळ ठेवा म्हटलं होतं, ती त्यांनी इतकी जपली की उघडलीच नाही. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, उद्या आशाताईंसोबत जातील केंद्रात.

हमाल काका घरी आलेत. १०८ ला फोन करणारा पोरगा रोज रात्री त्यांच्याकडे चक्कर मारतो.

२१ सप्टेंबर, रविवार

‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान १७ पासून सुरू आहे, २ ऑक्टोबरपर्यंत. केंद्रात बायकांची तपासणी. आमच्याकडून गर्दी मागितली गेली. गर्दी दिली, पण सोबत एक अट घातली : ज्यांचं जास्त येईल त्यांचं नाव आणि परत यायची तारीख त्याच दिवशी आशाताईंच्या वहीत. मॅडमनी लगेच हो म्हटलं. उद्या घटस्थापना, नवरात्राचे उपास. मॅडमचं रेकॉर्डिंग पुन्हा फिरवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

रात्रपाळीवाल्यांचं कोडं सुटत नाही. ते सकाळी आठला येऊन झोपतात, केंद्र सुरू असतं तेव्हा गाढ झोपेत. शेडमध्ये संध्याकाळी सहाला महिन्यातून एकदा डॉक्टर बसावेत, असा अर्ज केला आहे. जागा, लाइट, खुर्च्या, माणसं मंडळाची, औषध आणि डॉक्टर केंद्राचे. उत्तर यायचं आहे. कोषाध्यक्षांचं मत, तोवर आपणच एखादा ओळखीचा डॉक्टर आणून गोळ्या वाटू. मी विरोध केला. दोन महिने वाटू, मग निधी संपेल, आणि तोपर्यंत केंद्राच्या वहीतून ही माणसं कायमची गळालेली असतील. वाद झाला. मत घेतलं, माझ्या बाजूने थोडी जास्त पडली. कोषाध्यक्ष अजून फुगलेले आहेत.

पथकातला एक पोरगा नोकरी लागून भिवंडीच्या गोदामात गेला. त्याची गल्ली सध्या रिकामी. ही गळती होत राहणार. फुकट काम करणाऱ्याला कोणत्या तोंडाने थांबवायचं? प्रत्येक गल्लीला दोन माणसं हवीत, एक कमावतं आणि एक घरी असणारं, असं पुढच्या वेळेपासून.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. फराळातल्या मिठाबद्दल बोलायचं असं ठरलं होतं : दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा चमचाभर. चकली-शेवेच्या ताटासमोर बसून ते बोलणं कोणालाच जमलं नाही. मावशींनी एवढंच केलं, ज्या घरांत गोळ्या चालू आहेत तिथे फराळासोबत लोणचं-पापड वाढू दिलं नाही. सुक्या बोंबलांचा विषय पुढच्या महिन्यात, तो याहून अवघड जाईल.

मराठवाड्याकडची माणसं अजून परतायची आहेत. त्यांतल्या दोघांनी गावच्या केंद्रात कार्ड दाखवून गोळ्या घेतल्याचं फोनवर कळवलं. तिसऱ्याचा फोन लागत नाही, त्याच्या मेव्हण्याकडे निरोप ठेवला आहे.

अर्जावर तोंडी उत्तर आलं : डिसेंबरमध्ये एक संध्याकाळ करून बघू, किती येतात ते पाहून पुढचं. इस्त्रीवाल्याने रात्रपाळीच्या घरांची यादी मनातल्या मनात तयार ठेवली आहे, लिहून द्यायला तयार नाही. रिकाम्या गल्लीसाठी हमाल काकांच्या बायकोने नाव दिलं. तिला मोबाइल नीट वापरता येत नाही, वहीत लिहिता येतं. तिला वही दिली. वरच्या पाड्याच्या दोन्ही आजी तिच्याकडे. मोठ्या पट्ट्याचा वेल्क्रो सुटत चाललाय, समितीला नवीन घ्यायला सांगायचं.